उंदरांचं दूध आणि वहिनींचा प्रश्न

या विकांताला उंब्रजला गेलो होतो. वहिनींची मुलगी दोन महिन्यांची आहे. वहिनींच्या आईला स्तनाचा कर्करोग झाला होता, परळला ऑपरेशन झालं, आता त्या बऱ्या आहेत. कुणीतरी वहिनींच्या डोक्यात भरवलं होतं. "भावजी, कॅन्सर दुधातनं लेकराला जातो का ओ?"

मी पटकन बोलून गेलो, "उंदरांत जातो!" वहिनींचा चेहराच उतरला. मग सगळी गोष्ट सांगणं भाग पडलं.

१९३६ मध्ये अमेरिकेत जॉन बिटनर यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. स्तनाच्या गाठी हमखास होणाऱ्या जातीच्या उंदरांची पिल्लं त्यांनी जन्मताच दुसऱ्या जातीच्या मादीच्या दुधावर वाढवली. या पिल्लांत गाठी खूपच कमी झाल्या! म्हणजे सगळा दोष रक्ताचा नव्हता, दुधातून काहीतरी जात होतं. पुढे कळलं की तो एक विषाणू आहे.

आपल्याकडे यावर काम केलं कमल रणदिवे यांनी. १९१७ साली पुण्यात जन्म, डॉ. खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ मध्ये पीएचडी, पुढे परळच्या कर्करोग संशोधन केंद्रात उंदरांवर संशोधन. गाठ होण्यामागे विषाणू आणि हार्मोन यांची मिलीभगत असते, हे ओळखणाऱ्या सुरुवातीच्या शास्त्रज्ञांत त्या होत्या. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं.

त्याच वर्षी नुसे आणि व्हार्मस यांनी विषाणूची युक्ती पकडली. हा विषाणू कर्करोगाचं जनुक घेऊन येत नाही. तो आपली प्रत उंदराच्या डीएनएत घुसवतो. ती एका ठराविक जनुकाशेजारी पडली, की स्तनात एरवी बंद असणारं ते जनुक चालू होतं आणि पेशी वाढत सुटतात. आमच्या भाषेत सांगायचं तर कोड उंदराचाच, विषाणूने फक्त बटण दाबलं. आणि विषाणूचं हे बटण हार्मोनने आणखी जोरात चालतं. रणदिवेबाईंना दिसलेली मिलीभगत ती हीच!

"आणि माणसाचं काय?" वहिनी अजून तिथेच.

माणसात दुधातून असा कर्करोग जातो हे सिद्ध झालेलं नाही. उलट अंगावर पाजल्याने आईचा धोका थोडा कमी होतो. घराण्यातून धोका येतो तो जनुकांतून, दुधातून नाही. त्यामुळे पाजणं थांबवायचं नाही, पण स्वतःची तपासणी टाळायची नाही.

"मग आधी हे सांगायचं न्हाय व्हय? उंदीर कशाला काढले मधी!" असं म्हणून वहिनी पोरीला घेऊन आत गेल्या.

असो. तपासणीची तारीख मात्र मी ठरवूनच निघालो.