निवडणूक खर्च व देणग्या (विधानसभा)

विधानसभेच्या निवडणुकीत उमेदवार व त्याचा पक्ष यांनी प्रचारार्थ केलेला खर्च आणि त्यासाठी उभारलेला निधी. या खर्चाचे नियमन मुख्यतः १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व अधिनियमाने होते. त्याच्या ७७ व ७८ या कलमांनुसार उमेदवाराला खर्चाचा स्वतंत्र व खरा हिशेब ठेवून निकालापासून ३० दिवसांत तो जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे सादर करावा लागतो. सबळ कारणाविना हिशेब विहित रीतीने न दिल्यास आयोग त्याला तीन वर्षांसाठी अपात्र ठरवू शकतो. मर्यादेपेक्षा अधिक खर्च हे भ्रष्ट आचरण होय. महाराष्ट्रात ही मर्यादा २०१४ मध्ये २८ लाख व २०२२ मध्ये ४० लाख रुपये झाली. वर्धा जिल्ह्यातील आर्वी, देवळी, हिंगणघाट व वर्धा या मतदारसंघांत २०२४ मध्ये हीच मर्यादा लागू होती.

पक्षाच्या सर्वसाधारण प्रचारखर्चाला मात्र मर्यादा नाही. कंवरलाल गुप्ता विरुद्ध अमरनाथ चावला (१९७४) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, पक्षाने उमेदवारासाठी त्याच्या संमतीने केलेला खर्च त्याच्याच हिशेबात धरला. तथापि त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन असा खर्च वगळण्यात आला. २००३ मध्ये ही सवलत मुख्यतः पक्षनेत्यांच्या प्रचारप्रवासापुरती मर्यादित झाली.

देणग्यांचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापुढे १९५७ मध्येच आला. राजकीय देणग्या देता याव्यात म्हणून टाटा आयर्न अँड स्टील कंपनीने आपल्या उद्दिष्टांत केलेला बदल न्यायालयाने मान्य केला. परंतु अशा देणग्यांनी लोकशाहीस धोका संभवतो, असा इशारा मुख्य न्यायमूर्ती मो. क. छागला यांनी दिला. १९६० मध्ये कंपन्यांच्या देणग्यांवर मर्यादा व १९६९ मध्ये बंदी आली. १९८५ मध्ये सरासरी नफ्याच्या ५ टक्क्यांपर्यंत त्यांना पुन्हा मुभा मिळाली. २०१३ मध्ये हे प्रमाण ७·५ टक्के झाले. २०१७ मध्ये ते काढून टाकण्यात आले. ती दुरुस्ती आणि देणगीदाराचे नाव गुप्त ठेवणारी २०१८ ची निवडणूक रोखे योजना सर्वोच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारी २०२४ रोजी घटनाबाह्य ठरविली.

हिशेबाच्या सत्यतेचा प्रश्न भोकर (नांदेड जिल्हा) येथील २००९ च्या निवडणुकीतून पुढे आला. बातम्यांच्या स्वरूपातील प्रचाराचा खर्च तत्कालीन मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांनी दाखविला नाही, अशी तक्रार होती. हिशेब खरा आहे की नाही, हे आयोग तपासू शकतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने मे २०१४ मध्ये दिला. पुढे चव्हाणांविरुद्धचा आयोगाचा आदेश मात्र दिल्ली उच्च न्यायालयाने त्याच वर्षी रद्द केला. उमेदवारापुरतीच मर्यादा व पक्ष मोकळा, ही विसंगती कायम असल्याने अल्पसाधन उमेदवाराला अभिप्रेत असलेली समान संधी अपुरीच राहते.