एपायरसचा किनारा व सीमाप्रदेश

बाल्कन द्वीपकल्पाच्या नैर्ऋत्य भागातील, आयोनियन समुद्रालगतचा एक ऐतिहासिक प्रदेश. उत्तरेस व्ह्लोराचा उपसागर, दक्षिणेस आंब्राकियाचे आखात, पूर्वेस पिंडस पर्वत व पश्चिमेस आयोनियन समुद्र या त्याच्या स्थूल सीमा होत. १९१३ च्या सीमाआखणीनंतर त्याचा उत्तर भाग अल्बेनियात व दक्षिणेकडील मोठा भाग ग्रीसमध्ये गेला. ‘एपायरस’ या ग्रीक शब्दाचा अर्थ मुख्यभूमी असा आहे. समोरच्या कॉर्फू आदी बेटांवरून पाहणाऱ्यांना शोभेल असेच हे नाव आहे.

चुनखडकाच्या उंच रांगा किनाऱ्याला समांतर पसरल्या असून किनारी मैदान अरुंद आहे. उत्तरेकडील केरॉनियन पर्वत समुद्रापासून एकदम २,००० मी.हून अधिक उंची गाठतो व त्याच्या उतारावर हिमारा भागातील गावे वसली आहेत. दक्षिणेस कालामास व आकेरॉन या नद्यांच्या मुखांजवळच्या सखल भागांत पूर्वी दलदल व हिवतापाचा प्रादुर्भाव असे. ऑलिव्ह, लिंबूवर्गीय फळे, मेंढपाळी व मासेमारी ही निर्वाहाची परंपरागत साधने होत. मेंढपाळांचे कळप उन्हाळ्यात पिंडसच्या कुरणांवर व हिवाळ्यात किनाऱ्याकडे येत. घाटवाटा बिकट असल्याने किनाऱ्यावरील लोकांना अंतर्भागातील यानिनापेक्षा समुद्रापलीकडील कॉर्फू जवळचे वाटे. बूत्रिंतजवळ तर मधली सामुद्रधुनी अवघी काही किमी. रुंद आहे.

प्राचीन काळी येथे केऑनियन, थेस्प्रोशियन व मोलॉशियन या जमाती होत्या. मोलॉशियन राजा पिरस (इ. स. पू. ३१९–२७२) याने इटलीत रोमनांशी युद्धे केली. इ. स. पू. १६७ मध्ये रोमनांनी एपायरस उद्ध्वस्त केला. १२०४ मध्ये कॉन्स्टँटिनोपल पडल्यावर येथे एक स्वतंत्र बायझंटिन राज्य उदयास आले. पंधराव्या शतकात बहुतेक प्रदेश ऑटोमन तुर्कांकडे गेला. कॉर्फू, बूत्रिंत, पार्गा ही ठाणी मात्र १७९७ पर्यंत व्हेनिसकडे राहिली.

ऑटोमन राज्यव्यवस्थेत प्रजेची गणना भाषेनुसार नव्हे, तर धर्मानुसार होई. त्यामुळे घरी अल्बेनियन बोलणारा ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती व ग्रीक बोलणारा ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती एकाच समाजात मोडत. अल्बेनियनभाषी मुसलमान त्यांच्याहून वेगळा ठरे. सूलीचे डोंगरी लोक अल्बेनियन बोलत, परंतु ते ऑर्थोडॉक्स होते. तेपेलेनाचा अली पाशा याने १८०३ मध्ये त्यांचा पाडाव केल्यावर पुष्कळ जण कॉर्फूला गेले. त्यांच्यापैकी मार्को बोत्सारिस याने तेथे १८०९ मध्ये ग्रीक-अल्बेनियन शब्दसंग्रह तयार केला व पुढे ग्रीक स्वातंत्र्ययुद्धात त्याला १८२३ मध्ये वीरमरण आले. त्याला ग्रीक म्हणावे की अल्बेनियन, हा वाद नंतरच्या राष्ट्रवादाने निर्माण केलेला आहे. ब्रिटिशांनी १८१९ मध्ये पार्गा अली पाशाच्या हवाली केले, तेव्हा तेथील रहिवाशांनी पूर्वजांच्या अस्थी उकरून जाळल्या आणि गाव सोडून ते कॉर्फूस गेले. हिमाराच्या ग्रामस्थांनी मात्र शस्त्रे बाळगण्याचा व ठरावीक कर देऊन स्वतःचा कारभार पाहण्याचा हक्क दीर्घकाळ टिकविला. तेथील तरुण व्हेनिस व नेपल्सच्या सैन्यांत चाकरी करीत. हिमारा, धेर्मी व पालासा येथे ग्रीक, तर शेजारच्या व्हूनो, केपारो यांसारख्या गावांत अल्बेनियन बोलली जाई. धर्म सर्वांचा एकच होता.

बाल्कन युद्धांनंतर असा प्रदेश दोन राष्ट्रांत वाटण्याचा प्रसंग आला. २८ नोव्हेंबर १९१२ रोजी व्ह्लोरा येथे अल्बेनियाचे स्वातंत्र्य घोषित झाले. मार्च १९१३ मध्ये ग्रीकांनी यानिना जिंकले. सीमा-आयोगाने कुटुंबात बोलली जाणारी भाषा हा निकष धरला. परंतु बहुसंख्य लोक द्विभाषिक असल्याने तो फारसा उपयोगी पडला नाही आणि भौगोलिक, आर्थिक व लष्करी सोयीला महत्त्व आले. १७ डिसेंबर १९१३ च्या फ्लॉरेन्स करारान्वये जीरोकास्तर, सारांदा व हिमारा अल्बेनियास मिळाले. तेथील ग्रीक पक्षाने १९१४ मध्ये ‘उत्तर एपायरस’चे स्वायत्त शासन घोषित केले, त्याच वर्षीच्या कॉर्फू करारातील स्वायत्तता महायुद्धामुळे कागदावरच राहिली. सीमेची प्रत्यक्ष आखणी चालू असता ऑगस्ट १९२३ मध्ये इटालियन सेनानी तेलिनी याचा खून झाला. मुसोलिनीने त्याचे निमित्त करून कॉर्फूवर तोफा डागल्या व काही आठवडे बेट ताब्यात ठेवले. अल्बेनियाने खाजगी शाळा बंद केल्यावर ग्रीक अल्पसंख्याकांच्या शाळांचा प्रश्न आंतरराष्ट्रीय न्यायाच्या स्थायी न्यायालयापुढे गेला. १९३५ मध्ये न्यायालयाने अल्पसंख्याकांच्या बाजूने मत दिले.

सीमेच्या दक्षिणेस, फिल्यातेस, पॅरामिथ्या व मार्गारिती या भागांत, चाम नावाने ओळखले जाणारे अल्बेनियनभाषी राहत. त्यांच्यापैकी सुमारे २०,००० मुसलमान चामांना १९२३ च्या ग्रीक-तुर्की लोकसंख्या-विनिमयातून वगळण्यात आले होते. दुसऱ्या महायुद्धात त्यांच्यातील काहींनी इटालियन व जर्मन सैन्याला साहाय्य केले. सप्टेंबर १९४३ मध्ये पॅरामिथ्या येथे ४९ प्रतिष्ठित ग्रीक नागरिकांची हत्या झाली. १९४४–४५ मध्ये झेर्वासच्या ग्रीक पथकांनी कत्तली करून मुसलमान चामांना अल्बेनियात हुसकावून लावले. त्यात स्त्रिया, मुले व सहकार्यात भाग न घेतलेली कुटुंबेही होती. तीच भाषा बोलणारे ऑर्थोडॉक्स चाम मात्र जागेवर राहिले व क्रमाने ग्रीक समाजात मिसळून गेले. राष्ट्रीयत्वाची भाषा आधुनिक होती. माणसांची विभागणी मात्र जुन्या धार्मिक रेषेवरूनच झाली.

२२ ऑक्टोबर १९४६ रोजी कॉर्फू सामुद्रधुनीत सुरुंग फुटून दोन ब्रिटिश विनाशिकांवरील ४४ जण मरण पावले. १९४९ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने अल्बेनियास जबाबदार धरले. त्याचबरोबर नंतरची ब्रिटिश सुरुंग-सफाई हा अल्बेनियाच्या सार्वभौमत्वाचा भंग असल्याचाही निर्णय दिला. एन्व्हर होजाच्या राजवटीत सीमा जवळजवळ बंद झाली. ग्रीक अल्पसंख्याकांना ठरावीक गावांपुरतीच मान्यता होती आणि हिमारा त्यांतून वगळले गेले. १९६७ मध्ये सर्व धर्माचरणावर बंदी आली. काकाव्हिया येथील नाके १९८५ मध्ये उघडले. १९९१ नंतर हजारो अल्बेनियन व ग्रीकभाषी लोक रोजगारासाठी ग्रीसमध्ये गेल्याने सीमेजवळची कित्येक गावे ओस पडली. २०१७ च्या अल्बेनियन कायद्याने ‘अल्पसंख्याक क्षेत्रा’ची जुनी मर्यादा दूर केली. सागरी सीमेबाबतचा २००९ चा करार अल्बेनियाच्या घटनात्मक न्यायालयाने २०१० मध्ये रद्द केला. युद्धस्थिती संपल्याचा निर्णय ग्रीक शासनाने १९८७ मध्ये घेतला. तथापि चामांच्या मालमत्तेचा प्रश्न त्यामुळे सुटला नाही.