तर्कदोष

तर्कदोष म्हणजे दिलेल्या आधारावरून निष्कर्ष काढताना होणारी चूक होय. आधारभूत विधाने खरी असूनही त्यांतून निष्कर्ष निघत नसेल, तर तो युक्तिवाद सदोष ठरतो. तर्कदोष श्रोत्याची दिशाभूल करण्यासाठी जाणूनबुजून योजला जाऊ शकतो. परंतु बहुतेक वेळा तो बोलणाऱ्याच्याही लक्षात येत नाही. भारतीय तर्कशास्त्रातील 'हेत्वाभास' ही याच्याशी जवळीक असलेली संकल्पना आहे.

परंपरा

गौतमाच्या न्यायसूत्रांत सांगितलेल्या सोळा पदार्थांमध्ये हेत्वाभास, छल, जाती आणि निग्रहस्थान यांचा समावेश होतो. सव्यभिचार, विरुद्ध, प्रकरणसम, साध्यसम आणि कालातीत असे हेत्वाभासाचे पाच प्रकार तेथे दिले आहेत. यांपैकी सव्यभिचारात दिलेला हेतू साध्य नसलेल्या ठिकाणीही आढळतो. 'पर्वतावर अग्नी आहे, कारण पर्वत हा ज्ञानाचा विषय आहे' हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण आहे. अग्नी नसलेले सरोवरही ज्ञानाचा विषय असतेच. त्यामुळे हा हेतू काहीच सिद्ध करत नाही. ग्रीक परंपरेत ॲरिस्टॉटलने तेरा तर्कदोषांचे वर्गीकरण केले होते.

प्रमुख प्रकार

• काकतालीय दोष : एका घटनेनंतर दुसरी घडली, म्हणून पहिली दुसरीचे कारण मानणे. 'कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ' ही मराठी म्हण अशा योगायोगासाठीच वापरली जाते.
• घाईचे सामान्यीकरण : मोजक्या उदाहरणांवरून सर्वांविषयी नियम मांडणे.
• अज्ञानमूलक दोष : एखादी गोष्ट आढळली नाही, एवढ्यावरून ती नाहीच असे मानणे.
• निवडक पुरावा : अनुकूल उदाहरणे मोजणे व प्रतिकूल वगळणे.
• व्यक्तिलक्ष्यी दोष : मुद्द्याऐवजी तो मांडणाऱ्यावर टीका करणे.
• चक्रक युक्तिवाद : जे सिद्ध करायचे तेच आधार म्हणून गृहीत धरणे.

धाराशिव जिल्ह्यातील उदाहरणे

भूजलाचा शोध

धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) हा मराठवाड्यातील अवर्षणप्रवण जिल्हा आहे. येथील बेसाल्ट खडकात पाणी मुख्यतः झिजलेल्या थरांत व भेगांत साठते. त्यामुळे एका बोअरला पाणी लागते आणि जवळचीच दुसरी कोरडी जाते. अशा अनिश्चिततेत अनेक शेतकरी पाणाड्याला बोलावतात. तळहातावरचा नारळ उभा राहणे किंवा हातातील बेचकी खाली वळणे ही पाण्याची खूण मानली जाते.

या पद्धतीवरील विश्वास बहुधा निवडक पुराव्यावर टिकतो. पाणी लागलेल्या बोअरची गोष्ट गावोगाव सांगितली जाते, कोरड्या बोअरची सांगितली जात नाही. अपयश आले तर 'आणखी खोल जायला हवे होते' असे स्पष्टीकरण मिळते आणि दावा खोटा ठरण्याची शक्यताच उरत नाही. योग्य तुलनेसाठी पाणाड्याच्या सांगण्यावरून घेतलेल्या यशस्वी व कोरड्या बोअर आणि त्याला न विचारता घेतलेल्या यशस्वी व कोरड्या बोअर, अशा चारही संख्या लागतात. केवळ पहिल्या संख्येवरून काहीच ठरत नाही. जर्मनीतील कासेल येथे १९९० साली झालेल्या नियंत्रित चाचणीत पाणाड्यांचे यश योगायोगाने अपेक्षित असलेल्या यशापेक्षा अधिक आढळले नाही. या दोषाची किंमत शेतकऱ्याला मोजावी लागते. कर्ज काढून घेतलेली एक बोअर कोरडी गेली की पुष्कळदा दुसरीसाठी पुन्हा कर्ज काढले जाते.

१९९३ चा भूकंप

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या किल्लारी भूकंपात लातूर जिल्ह्यासह तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यातील सास्तूर व परिसरातील गावे उद्ध्वस्त झाली आणि हजारो लोक मृत्युमुखी पडले. त्यापूर्वी भूकंपप्रवण क्षेत्रांच्या नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या वर्गात होता. मोठ्या भूकंपाची नोंद नसणे म्हणजे धोकाच नसणे, असे मानण्यातील अज्ञानमूलक दोष या घटनेने उघड केला.

भूकंपानंतर दगडी घरांविषयी भीती पसरली. प्रत्यक्षात दगड हे एकमेव कारण नव्हते. मातीत रचलेल्या जाड भिंतींचे आतील व बाहेरील पदर आरपार दगडांनी सांधलेले नव्हते आणि त्यांवर माळवदाचा मोठा भार होता. 'दगड घातक' या सामान्यीकरणामुळे बांधणीतील दोष नजरेआड होतो. मग सिमेंटचे सदोष घरही सुरक्षित वाटू लागते.

ओळखण्याची रीत

युक्तिवाद तपासताना प्रथम निष्कर्ष व आधार वेगळे केले जातात. त्यानंतर दिलेला आधार निष्कर्ष खोटा असतानाही आढळतो का, हे पाहिले जाते. ही कसोटी न्यायशास्त्रातील सव्यभिचाराच्या कल्पनेशी मिळतीजुळती आहे. न मोजलेली उदाहरणे कोणती आणि काय घडले असते तर दावा मागे घेतला गेला असता, हेही विचारले जाते. महाराष्ट्रात १९८९ साली नरेंद्र दाभोलकर यांनी स्थापन केलेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने चमत्कारांच्या दाव्यांबाबत असे प्रश्न विचारण्याची सवय रुजवण्याचे काम केले आहे. वैज्ञानिक दृष्टिकोनाचा विकास हे १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीपासून नागरिकांचे मूलभूत कर्तव्य आहे.

मर्यादा

युक्तिवाद सदोष असला म्हणून त्याचा निष्कर्ष खोटा ठरत नाही. निम्न तेरणा धरणात पाणी साठल्यानंतर भूकंप झाला, एवढ्यावरून धरण हे कारण ठरवणे हा काकतालीय दोष होय. तथापि धरणामुळे भूकंप होऊच शकत नाही, असेही म्हणता येत नाही. कोयना परिसरात जलाशयातील पाण्याची पातळी व भूकंप यांचा संबंध दीर्घकाळच्या नोंदींतून दिसून आला आहे. किल्लारीबाबत असा संबंध वादग्रस्त राहिला आहे. दोन्ही ठिकाणी घटनांचा क्रम सारखाच असून पुराव्याचे बळ मात्र भिन्न आहे.

हेही पहा

• न्यायदर्शन
• हेत्वाभास
• किल्लारी भूकंप
• वैज्ञानिक दृष्टिकोन