अक्षर, अंक आणि अर्थ : हिब्रू संख्यालेखनाविषयी

हिब्रू लिपीत पंधरा हा आकडा लिहायचा तर 'योद' (१०) आणि 'हे' (५) ही अक्षरे शेजारी मांडावयास हवीत. परंतु तसे केले जात नाही. त्याऐवजी 'तेत' (९) आणि 'वाव' (६) अशी आडवळणाची बेरीज लिहिली जाते. योद आणि हे ही ईश्वराच्या चतुरक्षरी नामाची पहिली दोन अक्षरे. ती हिशेबाच्या कामी वापरू नयेत, ही त्यामागील भावना. शेवात महिन्याच्या पंधराव्या तिथीस येणाऱ्या वृक्षोत्सवाच्या 'तू बिश्वात' या नावातील 'तू' म्हणजे हेच तेत-वाव. येथे गणित श्रद्धेपुढे वाकले आहे.

हिब्रूची अक्षरे बावीस. अलेफपासून तेतपर्यंत एकम्, योदपासून त्सादीपर्यंत दशम्, आणि उरलेली चार १०० ते ४०० पर्यंतची. बायबलच्या मूळ पाठात मात्र संख्या शब्दांतच येतात. अक्षरांकांची ही रीत ग्रीकांच्या तशाच पद्धतीवरून आली, असे बहुतेक अभ्यासक मानतात. रोमन सत्तेविरुद्धच्या उठावात पाडलेल्या रौप्यनाण्यांवर उठावाचे वर्ष अशाच अक्षरांनी कोरलेले आढळते. पाचव्या वर्षाचे 'हे' असलेली नाणी दुर्मीळ आहेत. त्याच वर्षी, इ. स. ७० मध्ये, जेरुसलेम पडले.

आपल्याकडील कटपयादी पद्धतीतही अक्षरे अंक होतात. पण आपल्यापाशी अंकांची स्वतंत्र चिन्हेही होती. हिब्रूत अक्षर हेच अंकचिन्ह झाल्याने प्रत्येक शब्द ही आपोआप एक बेरीज ठरली. या बेरजांतून अर्थ शोधण्याची रीत म्हणजे गेमात्रिया. 'उत्पत्ती'च्या चौदाव्या अध्यायात अब्राम ३१८ माणसे घेऊन शत्रूचा पाठलाग करतो. नेमकी ३१८ का? तालमुदात एक उत्तर येते : त्याचा सेवक एलीएजर याच्या नावाची बेरीजच ३१८ आहे, म्हणजे सोबत तो एकटाच होता. 'हाय' म्हणजे जिवंत. त्याची बेरीज १८, म्हणून १८ च्या पटीत भेट वा दान देण्याची प्रथा आजही आहे.

या वाचनाला विरोध परंपरेच्या आतूनच झाला. बाराव्या शतकातील भाष्यकार अब्राहम इब्न एझ्रा याने याच ३१८ वर भाष्य करताना बजावले, की धर्मग्रंथ गेमात्रियाच्या भाषेत बोलत नाही. या रीतीने कोणत्याही नावातून बरे किंवा वाईट, हवे ते काढता येईल.

पाच शतकांनी त्याचे म्हणणे खरे ठरले. १६६५ साली स्मिर्नाच्या शब्ताई झ्वी याला मसीहा म्हणून घोषित करण्यात आले. त्याच्या नावाची बेरीज ८१४. 'शद्दाय' या ईश्वरनामातील तीन अक्षरांची नावे पूर्ण लिहून केलेली बेरीजही ८१४. अनुयायांना यात साक्ष दिसली. अनेकांनी घरदार विकून पवित्र भूमीच्या प्रवासाची तयारी केली. सप्टेंबर १६६६ मध्ये ऑटोमन सुलतानापुढे शब्ताईने इस्लाम स्वीकारला. बेरीज मात्र अचूकच होती.

आम्हा साहित्याच्या अभ्यासकांना हा इतिहास परका वाटू नये. संहितेत जुळणी सापडणे आणि संहितेने ती सांगितलेली असणे, यांतील अंतर आम्हीही वारंवार विसरतो. एलीएजरच्या कथेत बेरीज वाचकाला पुन्हा संहितेकडे, एकट्या सेवकाच्या निष्ठेकडे नेते. शब्ताईच्या प्रकरणात ती आधीच ठरलेल्या निष्कर्षावरची मोहोर होती. पंधरा लिहिताना हात आवरणाऱ्या परंपरेला या दोन्ही वाटा ठाऊक होत्या.