संग्रहालयातल्या चुलाण्याची कुळकथा

१७४७ साली लंडनमध्ये हॅना ग्लास या बाईंचं पाककृतींचं पुस्तक निघालं. त्यात 'हिंदुस्थानी पद्धतीची करी' आहे. कोंबडीचे किंवा सशाचे बारीक तुकडे, तीन-चार कांदे, तीस मिरे, चमचाभर तांदूळ आणि धने, एवढाच मामला. हळद आणि आलं पुढच्या आवृत्त्यांमध्ये आलं. मराठी वाचकाला हा मसाला अपुरा वाटेल, पण खरी थांबण्याची जागा धन्यांपाशी आहे. धने विस्तवावर, एका स्वच्छ फावड्यात भाजून घ्या, असं बाई सांगतात.

तवा सोडून फावडं का? तेव्हाच्या इंग्रजी घरात स्वैपाक व्हायचा तो भिंतीत बांधलेल्या, माणूस वाकून आत शिरू शकेल एवढ्या चुलाण्यात. निखारे ओढायचं लोखंडी फावडं त्याच्या तोंडाशीच असे. पुसून घेतलं की झाला तवा. गॅसपुढे उभं राहून वाचलं तर ही सूचना विचित्र वाटते, आणि पेटत्या चुलाण्यापुढे वाचली तर लगेच पटते. जुनी पाककृती कळायला जुना विस्तव लागतो. ज्यांनी जुनी घरं जपली, त्या संग्रहालयांना हे उमगायला मात्र शंभरावर वर्षं लागली.

अमेरिकेत घर जपून संग्रहालय करण्याची चाल पडली ती १८५० साली. स्वातंत्र्ययुद्धात जॉर्ज वॉशिंग्टनचं मुख्यालय असलेलं न्यूबर्गचं हॅसब्रूक हाऊस न्यूयॉर्क राज्याने लोकांसाठी खुलं केलं. १८५८ मध्ये स्त्रियांच्या एका संस्थेने देशभर वर्गणी गोळा करून, दोन लाख डॉलरला वॉशिंग्टनचं माउंट व्हर्नन हे घर विकत घेण्याचा करार केला. या घरांकडे लोक तीर्थाला जावं तसे जात. भक्ती होती ती नायकावर. त्याचं ताट कोणी वाढलं, कोणी रांधलं, हा प्रश्न त्या भक्तीत बसत नव्हता.

लोकांना दाखवण्यासाठी चुलाणं मांडलं गेलं ते घरात नव्हे, जत्रेत. १८६४ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध चालू होतं. जखमी आणि आजारी सैनिकांच्या मदतीसाठी ब्रुकलिनमध्ये मोठा मेळा भरला आणि त्यात 'न्यू इंग्लंडचं स्वैपाकघर' उभारलं गेलं. भलं मोठं चुलाणं, चरखे, पणजीच्या काळचे पोशाख घातलेल्या बायका, आणि पाहुण्यांच्या पानात जुन्या पद्धतीचे पदार्थ. १८७६ च्या फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनातही असंच लाकडी घर आणि असंच जेवण होतं. तोवर शहरांतल्या घरांमध्ये ओतीव लोखंडाचे बंद स्टोव्ह आले होते. उघडा विस्तव रोजच्या जगण्यातून हटला आणि आठवणींचा विषय झाला. ही आठवणही निवडक होती. त्यातले पूर्वज इंग्लंडहून आलेले, कष्टाळू, नेटके. गुलामांच्या हातांना त्या चित्रात जागा नव्हती.

पुढचा टप्पा अभ्यासकांचा. १८९१ मध्ये स्टॉकहोमला आर्तुर हासेलियस यांनी स्कान्सेन हे खुल्या आकाशाखालचं संग्रहालय सुरू केलं, तेव्हा जुनी घरं माणसांसकट दाखवण्याची कल्पना रुजली. १९०७ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या सेलम इथे जॉर्ज फ्रान्सिस डाऊ यांनी जुन्या खोल्या हुबेहूब मांडल्या. त्यात एक स्वैपाकघर होतं, भांडी जागच्या जागी ठेवलेलं. व्हर्जिनियातलं विल्यम्सबर्ग हे सबंध गाव १९२६ पासून अठराव्या शतकाच्या रूपात पुन्हा उभं राहू लागलं. याच गावात १७४२ मध्ये विल्यम पार्क्स या मुद्रकाने अमेरिकेत छापलेलं पहिलं पाककृतींचं पुस्तक काढलं होतं, आणि १९३८ मध्ये हेलन बुलक यांनी तिथल्या जुन्या पाककृतींचा संग्रह प्रसिद्ध केला. पण तो वाचणारी गृहिणी रांधायची आपल्या घरच्या स्टोव्हवर.

१९६० च्या दशकाच्या अखेरीस मॅसॅच्युसेट्समधल्या प्लिमथच्या संग्रहालयात जेम्स डीट्झ या पुरातत्त्वज्ञाने माणसांच्या जागी उभे केलेले पुतळे हलवले आणि मौल्यवान जुन्या वस्तू बाजूला काढून वापरता येतील अशा नव्या घडवलेल्या वस्तू ठेवायला लावल्या. त्यामागचा विचार साधा होता. भांडं वापरलं जाईल तेव्हाच ते बोलेल. तिथून पुढे अमेरिकेतल्या अनेक जुन्या घरांची चुलाणी पेटू लागली.

पेटल्यावर पहिला धडा मिळाला तो असा, की चुलाण्यात ज्वाळेवर फारसं काही शिजत नाही. मागे ओंडके धगधगत असतात ते निखारे पुरवण्यासाठी. ते फावड्याने पुढे ओढायचे, फरशीवर त्यांचे लहान-मोठे ढीग करायचे आणि प्रत्येक ढिगावर तिवई किंवा तीन पायांचं भांडं ठेवायचं. एक ढीग उकळीचा, एक मंद आचेचा, एक नुसतं ऊन ठेवण्याचा. विस्तव एक आणि चुली पाच-सहा. पाणी आणि रस्सा यांची जड भांडी आकड्याला टांगायची, आकडा वर-खाली करून आच कमी-जास्त करायची. मांस भाजायचं ते विस्तवाच्या वर नव्हे, समोर, गजावर फिरवत, खाली चरबीसाठी पसरट भांडं ठेवून.

पाव भाजायचा तो विटांच्या घुमटीत. आत दोन-तीन तास लाकडं जाळायची, मग निखारे आणि राख काढून टाकायची, आणि विटांनी पिऊन घेतलेल्या उष्णतेवर भाजायचं. आधी पाव, मग 'पाय' (सारण भरून भाजायचा इंग्रजी पदार्थ), घुमटी निवत आली की अंड्या-दुधाचं नाजूक काही. तापमान कळायचं ते हात आत धरून, सोसवेल तोवर आकडे मोजून, किंवा तळावर चिमूटभर पीठ टाकून. जुन्या पुस्तकांत 'शिजेपर्यंत ठेवा' एवढंच लिहिलेलं असतं, कारण लिहिणाऱ्या बाईने गृहीत धरलंय की वाचणारीचा हात तयार आहे. संग्रहालयांना हा तयार हातच नव्याने घडवावा लागला. पुस्तकं, उत्खननात सापडलेली भांडी आणि पुन्हा पुन्हा करपलेले पाव, एवढीच शिदोरी होती.

आणि हात म्हटलं की कोणाचे हात हे विचारावंच लागतं. थॉमस जेफरसन १७८४ मध्ये पॅरिसला गेला तेव्हा आपला एकोणीस वर्षांचा गुलाम जेम्स हेमिंग्ज याला फ्रेंच पाककला शिकण्यासाठी सोबत घेऊन गेला. हेमिंग्ज तिथल्या निवासाचा मुख्य आचारी झाला. परतल्यावर १७९३ मध्ये जेफरसनने लिहून दिलं, की दुसऱ्या कोणाला ही विद्या शिकवलीस की तुला मुक्त करीन. हेमिंग्जने आपल्या भावाला, पीटरला, शिकवलं आणि १७९६ मध्ये तो मुक्त झाला. जाण्यापूर्वी त्याने जेफरसनच्या मॉन्टिसेलो या घराच्या स्वैपाकघरातल्या भांड्यांची यादी स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवली. १८०१ मध्ये त्याने आयुष्य संपवलं.

२०१७ मध्ये मॉन्टिसेलोच्या जुन्या तळघरात विटांच्या शेगड्यांचे अवशेष सापडले. ओट्यात बांधलेल्या, कोळशाच्या, प्रत्येकीची आच वेगळी राखता येईल अशा. फ्रेंच सॉससाठी हीच सोय लागते. हेमिंग्जची यादी आणि या विटा शेजारी ठेवल्या की कागद आणि विस्तव यांची गाठ पडते. छापील पुस्तकांमागेही असेच हात आहेत. मेरी रँडॉल्फ यांच्या १८२४ च्या व्हर्जिनियाच्या पुस्तकात भेंडी-टोमॅटोची कृती आहे. भेंडी तिथे आली ती आफ्रिकेतून. पुस्तकावर नाव मालकिणीचं, पण चव कोणी आणली हे करेन हेस यांच्यासारख्या अभ्यासकांनी १९८० च्या दशकात दाखवून दिलं. मायकल ट्विटी हे कृष्णवर्णीय लेखक तर गुलामांच्या मळ्यांवरच्या स्वैपाकघरांत, त्या काळचे कपडे घालून, निखाऱ्यांवर स्वतः रांधतात. आपल्या पूर्वजांनी पाठीवर काय वाहिलं, हे घागर आणि ओंडका उचलताना कळतं, असं त्यांचं सारं काम सांगतं. १८६४ च्या मेळ्यात पूर्वजांच्या कौतुकासाठी मांडलेल्या चुलाण्याने अखेर ज्यांचं नाव कुठेच नव्हतं त्यांची साक्ष दिली. मला या कुळकथेतलं हेच वळण सर्वांत मोलाचं वाटतं.

आपल्याकडे साधनं कमी नाहीत. तंजावरच्या सरफोजीराजांच्या मुदपाकखान्याची मराठी पोथी सरस्वती महाल ग्रंथालयाने जपली आहे. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं 'सूपशास्त्र' १८७५ सालचं आहे. पुण्याच्या केळकर संग्रहालयात जुनी भांडी मन लावून मांडली आहेत. आणि अमेरिकेला जे नव्याने घडवावं लागलं, ते आपल्याकडे अजून जिवंत आहे. गोव्यात बेबिंकाचा एकेक थर वरून निखारे ठेवून भाजणाऱ्या बायका आहेत. फुंकणी कधी उचलायची आणि वैलावर काय सरकवायचं हे न बघता ठरवणाऱ्या आज्या कोकणात आणि देशावर गावोगाव आहेत.

चूल घराघरांत परत यावी असं कोणीही म्हणू नये. धुराने बायकांच्या डोळ्यांची आणि छातीची जी दशा केली, ती पाहिलेल्या माणसाला तिथे गॅस आल्याचा आनंदच होईल. म्हणूनच चुलीची जागा आता संग्रहालयात आहे, आणि तिथे ती पेटती हवी. एखाद्या जपलेल्या वाड्याच्या माजघरामागे, धुराड्याची नीट तपासणी करून, महिन्यातून एकदा पोथीतला एक पदार्थ रांधावा. रांधायला जाणत्या बाईंना मानधन देऊन बोलवावं. त्या जे करतात ते लिहून घ्यावं, आणि फलकावर वाड्याच्या मालकाच्या नावाशेजारी त्यांचं नाव तेवढ्याच मोठ्या अक्षरात लिहावं. हेमिंग्जचं नाव मॉन्टिसेलोला शोधून काढावं लागलं. आपल्याला ते आज नुसतं विचारता येतं.