शहाबाद ते बिदर : आपल्या पायाखालचे दगड

आपल्यापैकी बहुतेकांचे बालपण शहाबादी फरशीवर गेले. स्वयंपाकघराचा ओटा, न्हाणीघर, अंगण, सगळीकडे तीच राखी-निळसर फरशी. १८७१ साली मुंबईचा लोहमार्ग रायचूरला मद्रासच्या मार्गाला जोडला गेला आणि या रस्त्याने शहाबादचे नाव पुण्या-मुंबईच्या घराघरांत पोहोचले. तो दगड आपल्याच मातीतला, हे मात्र आपण मुलांना क्वचितच सांगतो.

पाहुणे आले की आपण त्यांना संग्रहालय दाखवतो. कलबुर्गीला (आपल्या तोंडी अजून गुलबर्गाच) सेडम रस्त्यावरच्या जुन्या घुमटांत सरकारी संग्रहालय आहे. बिदरला किल्ल्यातल्या शाही हमामखान्यात पुरातत्त्व खात्याचे. दोन्हीकडे मुख्यतः दिसते ते माणसाने दगडातून काय घडवले ते. खुद्द दगडाची हकीकत वाचायची तर बाहेर पडावे लागते, आणि सोयीची वाट म्हणजे दक्षिणेकडून उत्तरेकडे, खालून वर.

सर्वांत खाली भीमेच्या खोऱ्यातला चुनखडीचा दगड. शहाबाद, वाडी, सेडम हा त्याचा मुलूख. वय पन्नास कोटी वर्षांहून जास्त. समुद्राच्या तळाशी गाळ थरावर थर साचत गेला, म्हणून पहार घातली की हा दगड सपाट लाद्यांनी सुटतो. हा गुण आपल्या फार आधी कोणी तरी ओळखला होता. शोरापूरच्या बाजूला इसामपूर येथे (तेव्हा गुलबर्गा जिल्हा, आता यादगीर) पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. के. पद्दय्या यांनी उत्खनन केले, तेव्हा आदिमानवाची हत्यारे घडवण्याची जागाच हाती लागली. आयत्या सुटलेल्या चुनखडीच्या लाद्या घ्यायच्या, कडा फोडायच्या आणि हातकुऱ्हाड तयार. त्या जागेचे वय सुमारे बारा लाख वर्षे काढले गेले आहे. आपल्या ओट्याची वंशावळ इतकी लांब जाते!

सन्नतीजवळच्या कनगनहळ्ळीच्या बौद्ध स्तूपाच्या शिल्पपट्ट्याही चुनखडीच्याच. त्यांतल्या एकीवर सम्राट अशोकाची आकृती आहे आणि शेजारी ब्राह्मी लिपीत त्याचे नाव. आपल्यातल्या कित्येक घराण्यांची कुलस्वामिनी सन्नतीची चंद्रलांबा. आपण जातो, ओटी भरतो, प्रसाद घेतो आणि गाडीत बसतो. स्तूप जवळ असून राहून जातो.

कलबुर्गीहून उत्तरेला निघालो की ही चुनखडी काळ्या दगडाखाली जाते. सह्याद्रीत दिसतो तोच हा लाव्हारसाचा दगड, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. त्याची काळी माती, तीवरची तूर आणि ज्वारी यांविषयी शेतकरी घरांना आम्ही काय सांगावे?

हुमनाबाद मागे पडले की माती लाल होऊ लागते आणि आपण बिदरच्या पठारावर येतो. येथे काळ्या दगडावर जांभ्याची टोपी आहे. कोकणातले पाहुणे किल्ल्यापाशी थबकतात : अरे, हा तर आमचा चिरा! बरोबर आहे. ऊन-पावसाने काळा दगड जागच्या जागी कुजला, बाकीचे द्रव्य वाहून गेले, लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहिले, तोच जांभा. कन्नडमध्ये त्याला जंबिट्टिगे म्हणतात. १९५६ साली उदगीर, निलंगा, अहमदपूर पलीकडे गेले आणि बिदर, भालकी, हुमनाबाद इकडे राहिले. पण शब्दांनी एकमेकांचा हात सोडलेला नाही.

पंधराव्या शतकात अहमदशाह बहमनीने गुलबर्गा सोडून राजधानी या पठाराच्या कडेवर आणली. किल्ल्याचा तिहेरी खंदक जांभ्यातच कोरून काढला आहे. पण या दगडाचा खरा उपकार पाण्याचा. जांभा स्पंजासारखा सच्छिद्र; पाऊस त्यात मुरतो, खालच्या चिकण थराला अडतो आणि पठाराच्या कडेला झरा होऊन बाहेर पडतो. झरणी नरसिंहाला छातीभर पाण्यातून जाताना आपण नामस्मरण करतो, ते पाणी असेच आले आहे. नानक झिरा आणि पापनाश येथेही तेच. हे ओळखूनच बहमनी काळात इराणी पद्धतीचे करेज खोदले गेले : जमिनीखालून उताराने जाणारा बोगदा आणि वर ठरावीक अंतरावर विहिरीसारखी तोंडे. पंप नाही, मोट नाही, पाणी आपल्या उताराने गावात.

नौबादला ही तोंडे आजही पाहता येतात. २०१४ साली वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाने बिदर या ऐतिहासिक शहराला जपण्याजोग्या जागांच्या यादीत घेतले, त्यानंतर करेजची साफसफाईही झाली. तरीही शहर त्याच बाजूला वाढते आहे. एखादे तोंड बुजवून त्यावर घर उभे राहिले, तर घरमालकाला काहीच कळणार नाही. पाण्याची वाट मात्र अडेल. पठारावर काँक्रीट पसरले की मुरणारे पाणी गटारात जाते आणि झऱ्याला एप्रिलमध्येच धाप लागते. झरणीच्या रांगेत उभे राहणाऱ्या प्रत्येकाचा याच्याशी संबंध आहे.

पुढच्या वर्षी उत्सवाच्या मंडपात एक टेबल मांडावे, असे आम्हाला वाटते. शहाबादचा तुकडा, काळा दगड आणि जांभा शेजारी शेजारी, चिठ्ठ्या मराठीत आणि कन्नडमध्ये. जांभ्यावर मुलांनी तांब्याभर पाणी ओतून पाहावे. दगड खाणीतून काढायची गरज नाही. कोणाचे ना कोणाचे जुने घर पाडले जात असतेच, तेथून मागून आणावेत. आणि उत्सव संपला की एका रविवारी डबे घेऊन नौबाद.