‘जे-वन’ झालं का?

तरुणांची भाषा बिघडली, ही तक्रार ज्या दिवशी बंद पडेल त्या दिवशी मराठी भाषा मेली असे खुशाल समजावे. कारण या तक्रारीला दोन माणसे लागतात : नवे शब्द काढणारा नातू आणि ते ऐकून कपाळाला आठ्या घालणारा आजोबा. दोघे एकाच भाषेत बोलत असतात, म्हणून तर भांडण होते. परक्या भाषेवर कोणी एवढा जीव जाळीत नाही.

पोलादपूरहून आत, तानाजी मालुसऱ्यांच्या उमरठकडे जाणाऱ्या वाटेवरचे कापडे हे आमचे गाव. मी मुलांना शिकवतो आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. म्हणजे दोन्हीकडून धंदा शब्दांचाच. त्यामुळे मुलांच्या तोंडचे शब्द टिपण्याची मला खोड लागली आहे. ‘लय भारी’, ‘नादखुळा’, ‘कडक’, ‘जाळ अन् धूर संगटच’ ही त्यांची नित्याची नाणी. ‘विषय हार्ड’ असे एखादा म्हणाला की नव्या मास्तराला वाटावे, बिचाऱ्याला गणित जड जात असेल. प्रत्यक्षात त्याने कोणाची तरी तोंडभरून वाहवा केलेली असते! वडीलधारे मला म्हणतात, ‘गुरुजी, यांना आवरा.’ आता आवरायचे म्हणजे आधी हे पीक आले कोठून, ते पाहिले पाहिजे.

अशा शब्दांची पहिली आई म्हणजे काटकसर. आपल्या जुन्या पत्रांचेच पाहा ना. ‘कृ. सा. न. वि. वि.’ एवढी अक्षरे लिहिली की ‘कृतानेक साष्टांग नमस्कार विनंती विशेष’ हा लांबलचक दंडवत पुरा होई. मोडी लिहिणारा कारकून ‘परगणे’ असे सबंध लिहीत बसत नसे. ‘प॥’ लिहून दोन रेघा ओढी, ‘तर्फ’ला ‘त॥’ करी आणि पुढे जाई. त्याला कोणी भाषाबुडव्या म्हटले नाही. पुढे तार आली. तिथे शब्दाला पैसे पडत, म्हणून माणसे शब्द चिमटीने मोजून घालीत. सणासुदीच्या शुभेच्छांना तर तारखात्याने क्रमांकच देऊन टाकले होते. दिवाळीची तार करायची तर नुसता आकडा सांगावा. पलीकडच्या कचेरीत त्याच्या शुभेच्छा होत. ही तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली.

तार जाण्याआधीच तिचे नातवंड जन्माला आले होते. ३ डिसेंबर १९९२ रोजी इंग्लंडात एका इंजिनियराने दूरध्वनीवर नाताळच्या शुभेच्छा लिहून पाठवल्या. तो जगातला पहिला लघुसंदेश, म्हणजेच एसेमेस. त्याची मर्यादा १६० अक्षरांची. पण ही मर्यादा रोमन लिपीसाठी होती. देवनागरीत लिहू गेल्यास त्याच संदेशात ७० अक्षरेच मावत. शिवाय बऱ्याच फोनांवर देवनागरीची सोयच नसे. सणाच्या दिवशी स्वस्त संदेशांची सवलतही लागू नसे. मग आमच्या पोरांनी काय करावे? त्यांनी मराठी भाषा रोमन लिपीच्या गाडीत बसवली आणि तिचे सामान जमेल तेवढे कमी केले. त्यातूनच मराठी तरुणांचा तो प्रसिद्ध प्रश्न निघाला. इंग्रजी ‘जे’ लिहायचा आणि त्यापुढे १ चा आकडा, म्हणजे ‘वन’. जे आणि वन मिळून झाले जेवण! ‘जे-१ झालं का?’ गंमत अशी, की लिपी इंग्रजी, आकडा इंग्रजी, पण प्रश्न अस्सल मराठी आईचा.

हा खेळ आपल्याकडेच चालतो असेही नाही. साऱ्या जगाच्या तोंडी असलेला ‘ओके’ हा शब्द १८३९ साली ‘बॉस्टन मॉर्निंग पोस्ट’ या अमेरिकन वृत्तपत्रात छापला गेला. ‘ऑल करेक्ट’ हे शब्द मुद्दाम चुकीच्या अक्षरांनी लिहून त्यांची आद्याक्षरे घेण्याची ती त्या काळची थट्टा. आणि आजच्या मुलींच्या तोंडी असलेले ‘ओएमजी’? ते १९१७ साली विन्स्टन चर्चिल यांना धाडलेल्या पत्रात सापडते. पत्र लिहिणारे ॲडमिरल फिशर तेव्हा शहात्तर वर्षांचे होते! तेव्हा नातवंडांच्या नावाने बोटे मोडण्यापूर्वी आजोबांनी आपल्या पिढीची झडती घेतलेली बरी.

दुसरी आई म्हणजे लपवाछपवी. महानुभाव पंथीयांनी आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. त्यांचा उलगडा होण्यास वि. का. राजवाड्यांसारखा संशोधक विसाव्या शतकात यावा लागला. आपल्या घरांतून इतका विद्वान लागत नसे. ‘च’ची भाषा पुरे होई. शब्दाचे पहिले अक्षर शेवटी न्यावे आणि त्याच्या जागी ‘च’ बसवावा. ‘तुला’चे ‘चुलात’, ‘कुठे’चे ‘चुठेक’. बहिणी-बहिणी माजघरात चुठेक-चुलात करू लागल्या, की आईला कळे, पोरींचे काही तरी शिजते आहे. आजच्या मुली अर्धा शब्द आणि एक हसरे चित्र पाठवून तेच करतात. थोरांना कळले, की तो शब्द टाकून नवा घ्यायचा, हा त्यांचा अलिखित नियम. म्हणून एखादा शब्द मुलांच्या तोंडून घालवायचा असेल तर त्यावर रागावू नये. आपणच तो चारचौघांत वापरावा. दोन दिवसांत मुले त्याचे विसर्जन करतात.

परंतु तिसरी आई या दोघींहून थोर आहे. ती म्हणजे ‘आपला कोण?’ हे ओळखण्याची भूक. इथे मला आमच्या डोंगरभागाचा इतिहास सांगितलाच पाहिजे.

मुंबईची पहिली कापडगिरणी १८५४ साली स्थापन झाली आणि पुढे कोकणातली माणसे गिरणगावात जाऊ लागली. महाड-पोलादपूरचा चाकरमानी होळीला, गणपतीला गावी येई तेव्हा पेटीत साखर, कापड आणि जिभेवर नवे शब्द आणी. बिनधास्त, खल्लास, कल्टी, भंकस असे शब्द आमच्या वाड्यांवर आले ते मुंबईच्या वाटेने. यातले काही मूळचे आमच्याच घरचे. चिखलाच्या अर्थाचा ‘राडा’ शेतकऱ्याच्या बांधावरून शहरात गेला आणि दंगामस्ती होऊन परतला. खेळातला आमचा ‘भिडू’ सिनेमात जाऊन मोठा माणूस झाला. म्हणजे शब्दही चाकरीला जातात आणि अंगावर शहरी कपडे घालून येतात.

माणसाला मात्र हे इतके सोपे जात नसे. आमच्याकडचा पोरगा नोकरीसाठी मुंबईस गेला आणि ‘व्हय’, ‘न्हाय’, ‘वाईच थांबा’ म्हणाला की हशा होई. सर्वांत मोठा गुन्हा ‘ण’चा. ‘पाणी’ला ‘पानी’ म्हटले की त्याचे गाव, जात, शिक्षण सारे समोरच्याने मनात लिहून घेतलेच. माझ्या बरोबरीचे कित्येक जण अशा हशामुळे बोलायचेच थांबले. मुलाखतीत उत्तर ठाऊक असून गप्प राहिलेले मला माहीत आहेत. भाषेच्या शुद्धतेची एवढी किंमत त्यांनी मोजली आहे, आणि ती कोणत्याही कोशात नोंदलेली नाही.

आता पुढची नवलाई पाहा. एप्रिल २०१६ मध्ये ‘सैराट’ पडद्यावर आला आणि सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळ्याकडची बोली साऱ्या महाराष्ट्राने डोक्यावर घेतली. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात जिओ आले, इंटरनेट स्वस्त झाले आणि खेड्यातल्या पोरांच्या हाती स्वतःची बोलकी चित्रे आली. टिकटॉकवर जून २०२० मध्ये बंदी आली, तरी रील्स चालूच राहिली. कोल्हापूर-साताऱ्याकडचा पोरगा बांधावर उभा राहून आपल्या बोलीत बोलू लागला, आणि शहरातली मुले ‘लय’ आणि ‘भावा’ म्हणू लागली. शंभर-सव्वाशे वर्षे शब्द मुंबईहून गावाकडे येत होते. प्रथमच त्यांची एस. टी. भरून उलट निघाली. आणि ‘जे-वन’चे काय झाले? ज्या ‘न’साठी आमच्या पोराला हसत, तोच ‘न’ सुशिक्षित मुलांनी हसतहसत गिळला. ‘जेवण’मधला ‘ण’ गळाला, आणि कोणाची जात विचारली गेली नाही.

मात्र या जत्रेत आमच्या बोलीचे दुकान अजून लागलेले नाही. आमची मुले ‘नादखुळा’ म्हणतात, परंतु ‘वाईच’, ‘बापूस’, ‘इरलं’ हे आपल्या घरचे शब्द त्यांच्या फोनवर उमटत नाहीत. आजीच्या तोंडून ते ऐकतात आणि तिथेच ठेवतात. उधारीचे दागिने घालून मिरवायचे आणि घरची नथ पेटीत गंजू द्यायची, असा हा प्रकार. दुःख असेल तर एवढेच आहे.

मग आवरायचे काय? हुकमाने शब्द जात नाहीत, हे रायगडाच्या छायेत राहणाऱ्यांना तरी सांगायला नको. १६७४ च्या राज्याभिषेकानंतर शिवाजी महाराजांच्या आज्ञेने राज्यव्यवहारकोश सिद्ध झाला. मुजुमदाराचा अमात्य, सुरनिसाचा सचिव, सरनोबताचा सेनापती झाला. त्यातला सचिव आज मंत्रालयात बसतो. पण ‘पेशवा’ हा शब्द गेला नाही, आणि कागद, शाई, दुकान यांना तर लोकांनी हातही लावू दिला नाही. राजाचे ऐकायचे की नाही, हे जिथे शब्द आपल्या मर्जीने ठरवतात, तिथे मास्तराची काय कथा!

मी वर्गात एकच कुंपण घालतो. ज्या शब्दाने एखादी मुलगी मान खाली घालते किंवा एखाद्याच्या जातीचा, रंगाचा, व्यंगाचा चिमटा निघतो, तो शब्द बाहेर. बाकीच्यांना जागा आहे. निबंधात कोणते शब्द घ्यावेत आणि मैदानात कोणते, एवढे मुलांना समजले की झाले. धोतराला आणि लंगोटाला प्रत्येकी आपली वेळ असते.

२२ जुलै २०२१ रोजी आमच्या भागात पावसाने कहर केला. महाड तालुक्यात तळिये, पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडी येथे दरडी कोसळून घरेच्या घरे गेली. मदतीला तरुण पोरे आली. कोण कुठला, कोणी विचारले नाही. चिखलात उभे राहून ती एकमेकांना हाका मारीत होती, ‘भावा, दोर टाक’, ‘भावा, हात दे’. रोज थट्टेत वाजणारा तो शब्द त्या दिवशी कोशातल्या अर्थाला जाऊन मिळाला. भाऊ म्हणजे भाऊच. शब्द हलका की भारी, हे तो कोण आणि कशासाठी उच्चारतो यावर ठरते, याहून मोठा व्याकरणाचा धडा मला ठाऊक नाही.

तेव्हा वाचकहो, फराळाच्या ताटाभोवती नातवंडे जमली असतील तर त्यांना त्यांचे पाच शब्द विचारा, आणि बदल्यात आपले पाच द्या. गावाकडचे, आजोळचे, विसरत चाललेले. देवघेव रोख करा, उधारी नको. आणि मुंबईहून एखाद्या भाच्याचा ‘जे-१ झालं का?’ असा निरोप आला, तर लिपीवर रुसून बसू नका. पोरगे दूर आहे, आणि आपण जेवलो की नाही याची त्याला काळजी आहे. त्याला लगेच उत्तर धाडा. जमल्यास देवनागरीत.